मुलांशी बोलताना आपला सूर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बावीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. त्यातली नऊ वर्षं बीड जिल्ह्यात, बंजारा तांड्याला लागून असलेल्या एका शाळेत गेली. पुढची सगळी वर्षं शहराच्या कडेला वाढलेल्या एका गावात. तिथे जुन्या गावकऱ्यांची, वीटभट्टीवरच्या मजुरांची आणि नोकरीसाठी आलेल्या कुटुंबांची मुलं एकाच वर्गात बसायची. आता पालकांच्या आणि नव्या शिक्षकांच्या बैठकांना जाते, तेव्हा मुलांशी कसं बोलावं याबद्दलचे हे प्रश्न हमखास येतात. उत्तरं माझ्या अनुभवातून आणि अभ्यासकांनी जे दाखवून दिलंय त्यातून दिली आहेत.

लहान मुलाला शब्द आधी कळतात की सूर?

सूर, आणि तोही फार आधी. मूल पोटात असतानाच आईचा आवाज ऐकतं. 1980 साली डीकॅस्पर आणि फायफर या अमेरिकी संशोधकांनी दाखवलं, की जन्मून दोन-तीन दिवस झालेली बाळं परक्या बाईच्या आवाजापेक्षा आईचा आवाज ऐकू यावा म्हणून तोंडात दिलेलं रबरी बोंड चोखण्याचा वेग बदलतात. 2009 मध्ये फ्रेंच आणि जर्मन घरांतल्या नवजात बाळांचं रडणं तपासलं गेलं. फ्रेंच बाळांच्या रडण्याचा सूर वर चढत जाणारा निघाला, जर्मन बाळांचा वरून खाली येणारा. त्या त्या भाषेची चाल तशीच आहे. म्हणजे भाषेची चाल बाळाच्या गळ्यात पहिल्या आठवड्यातच असते.

ॲन फर्नाल्ड यांचा 1993 चा प्रयोग मला जास्त बोलका वाटतो. इंग्रजी घरांतल्या पाच महिन्यांच्या बाळांना त्यांनी परक्या भाषांतलं कौतुक आणि परक्या भाषांतला नकार ऐकवला. जर्मन आणि इटालियन बोल ऐकून बाळं बरोबर त्या त्या ठिकाणी हसली किंवा गंभीर झाली. जपानी आवाजांना मात्र त्यांनी तसा प्रतिसाद दिला नाही. तिथे आईच्या बोलण्यातले चढउतार वेगळे होते, सौम्य होते. सुरात काहीतरी सगळ्यांना सारखं कळणारं असतं, पण कानाला घरची सवयही असते. पुढची बहुतेक उत्तरं या दोन गोष्टींभोवतीच फिरतात.

मोठ्या आवाजात बोललं की मुलावर वाईट परिणाम होतोच का?

नाही, तसं सरसकट म्हणता येत नाही. हा समज शहरी मध्यमवर्गातून आलाय आणि त्याने बऱ्याच मुलांचं आणि आयांचं नुकसान केलंय.

बांधावरून पलीकडच्या बांधावर हाक मारायची तर आवाज मोठाच लागतो. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं, वर पत्रा, शेजारी पिठाची गिरणी, असं असेल तर कुजबुजून कुणाला ऐकू जाणार? कोळीवाड्यात, बाजारात, वीटभट्टीवर, ऊसतोडीच्या टोळीत माणसं वरच्या पट्टीत बोलतात, आणि प्रेमसुद्धा त्याच पट्टीत करतात. "आरं ये की लवकर, भाकर निवाया लागली!" हे तांड्याच्या टोकावरून ओरडून म्हटलेलं वाक्य ज्या पोराने रोज ऐकलंय, त्याला त्यात फक्त आपली वाट बघणारं माणूस ऐकू येतं.

मुलाला लागतो तो तुच्छतेचा सूर. "आलास? या, राजे, या." आवाज अगदी खाली, चेहऱ्यावर हसू, आणि सगळा वर्ग खिदळतो. "तुझ्याच्यानं काय होणारे" हे शांतपणे, वहीतून डोकं वर न काढता म्हटलेलं. दरडावणं, खेकसणं, डाफरणं, टोमणा मारणं, पाणउतारा करणं, हेटाळणी करणं: आपल्या भाषेत एवढे वेगवेगळे शब्द आहेत, कारण त्या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. यातल्या शेवटच्या तीन गोष्टींना मोठा आवाज मुळीच लागत नाही.

मात्र मोठा आवाज अचानक आणि रागाने आला, आणि तो का आला हे मुलाला कळलं नाही, तर मूल दचकतं, आणि दचकलेलं मूल त्या क्षणी काही शिकत नाही. हे कुठल्याही घरातल्या मुलाला लागू आहे. आईवडिलांच्या भांडणाबद्दलही तेच. ओरेगन विद्यापीठात 2013 मध्ये सहा ते बारा महिन्यांच्या झोपलेल्या बाळांच्या मेंदूची प्रतिमा घेताना त्यांना रागीट आवाज ऐकवले गेले. ज्या घरांत भांडणं जास्त होती, त्या बाळांच्या मेंदूतल्या ताण सांभाळणाऱ्या भागांनी झोपेतही त्या आवाजाला जास्त प्रतिसाद दिला. "तो झोपलाय, त्याला काय कळतंय" असं म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते.

मी गोड बोलते, तरी काही मुलं ऐकतच नाहीत. त्यांना ओरडाच लागतो का?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक नव्या शिक्षिकेचा असतो. माझाही होता, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मार्च महिना होता. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं कारखान्यावरून परतायला लागली होती. दुसरीतला एक मुलगा पाच महिन्यांनी वर्गात आला. अंगावर थोरल्या भावाचा सदरा, बाह्या दुमडून दुमडून वर बसवलेल्या. उसाच्या पाचटाने कापलेल्या हातांवर बारीक खरचटे. मी त्याच्याजवळ गेले आणि प्रशिक्षणात शिकवल्याप्रमाणे अगदी मऊ आवाजात म्हणाले, "बाळा, तुला हे पुस्तक वाचायला आवडेल का?" तो म्हणाला, "न्हाय." आणि उठून व्हरांड्यात जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मला मनातून राग आला. मुलगा आडमुठा आहे, असं मी ठरवून टाकलं.

खिचडी शिजवणाऱ्या मावशी तांड्यातल्याच होत्या. त्यांनी दारातूनच त्याला सांगितलं, "ये हिकडं. बस खाली. काढ पुस्तक." आवाज माझ्यापेक्षा दुप्पट मोठा. मुलगा आला, बसला, पुस्तक काढलं, पहिलं पान उघडून बोट ठेवलं आणि मावशींकडे बघून हसला.

मी त्याला प्रश्न विचारला होता, त्याने प्रामाणिक उत्तर दिलं होतं. 'आवडेल का' याचा अर्थ 'घे' असा होतो, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. ऊसतोड मजुरांच्या कोप्यांच्या, म्हणजे झोपड्यांच्या वस्तीवर आई पहाटे उसाच्या फडात जाते, तेव्हा धाकटीला सांभाळायचं काम त्याच्याकडे असतं. तिथे "तुला पाणी भरायला आवडेल का?" असं कुणी विचारत नाही. "पाणी भर" म्हणतात, आणि त्यात अपमान नसतो. ती जबाबदारी असते आणि विश्वासही असतो.

आमच्या शाळांमध्ये अशा आडवळणाच्या आज्ञा किती आहेत बघा. "वह्या अशाच पडू द्यायच्या का?" "मला कुणाचा तरी आवाज येतोय." "आता आपण सगळे काय करणार आहोत?" "घंटा झाली वाटतं." नोकरदार घरातलं मूल हे ऐकून झटकन वह्या उचलतं, कारण त्याची आई घरी तसंच बोलते. दुसरं मूल खरोखरच कुणाचा आवाज येतोय ते कान देऊन ऐकत बसतं, आणि 'ऐकत नाही' या यादीत त्याचं नाव जातं.

हे फक्त आपल्याकडचं नाही. शर्ली ब्राइस हीथ यांनी 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या कॅरोलिना भागात कृष्णवर्णीय कामगारांच्या, गोऱ्या गिरणी कामगारांच्या आणि शहरी मध्यमवर्गाच्या घरांतलं बोलणं वर्षानुवर्षं जवळून पाहिलं. शिक्षकांच्या आडवळणाच्या सूचना आणि ज्यांचं उत्तर विचारणाऱ्याला आधीच माहीत असतं असे प्रश्न काही मुलांना परकेच होते. "हा रंग कोणता?" असं बाई विचारतात, तेव्हा त्या मुलांना प्रश्न पडायचा: बाईंना दिसत नाही का?

मग अशा मुलांशी दरडावूनच बोलायचं?

अजिबात नाही. सरळ बोलायचं. "पुस्तक काढ" हे दरडावणं नाही. कपाळाला आठी न घालता, त्याच्याकडे बघून, त्याचं नाव घेऊन म्हटलेलं "पुस्तक काढ" हे स्पष्ट बोलणं आहे. हळूहळू "काढतोस का पुस्तक?" यावर यायचं आणि त्याचा अर्थ उघड सांगायचा. "मी असं विचारलं की काढायचं, बरं का" एवढं पुरतं. हेही शिकवण्यातच येतं. शहरी शिष्टाचाराची ही भाषा पुढे नोकरीच्या ठिकाणी त्याला लागणार आहे, ती त्याला न शिकवणं हा अन्याय आहे. पण ती येत नाही म्हणून त्याला उद्धट ठरवणं हा त्याहून मोठा.

आमच्या गावाकडचं बोलणं शहरात उद्धट वाटतं. मुलाला ते सोडायला लावावं का?

नागपूरकडे दोस्त एकमेकांना "काऊन बे" म्हणतात. पुण्यातल्या शाळेत तोच 'बे' शिवीसारखा ऐकला जातो. मालवणी आजीचा "मेल्या" लाडाचा असतो. मराठवाड्यातला "लेका" जवळिकीचा. कोल्हापूरकडची माणसं तर जीव लावतानाही अशी भाषा वापरतात, की पाहुणा उठून जायचा. बदली झालेल्या आईवडिलांबरोबर मूल एका भागातून दुसऱ्या भागात जातं, तेव्हा शब्दांच्या आधी त्याची चाल टोचली जाते. हेल काढून बोलतो म्हणून मुलं नक्कल करतात, आणि कधी कधी शिक्षकही त्यांना सामील होतात. असं मूल आठवडाभरात वर्गात तोंड मिटून घेतं.

घरचं बोलणं सोडायला लावू नका. मुलाला एवढंच सांगा, की घरी असं बोलतात, शाळेत असं बोलतात आणि दोन्ही आपलीच. मुलांना हे पटकन जमतं. एक खानदेशी मुलगी घरी अहिराणी, मैदानावर एक मराठी आणि माझ्यासमोर पुस्तकी मराठी अशी सहज बदलायची. तिला कुणी शिकवलं नव्हतं, फक्त कुणी हसलं नव्हतं.

काही मुलं वर्गात तोंडच उघडत नाहीत. घरी भाषेचं वातावरण नसतं म्हणून का?

'घरी वातावरण नाही' हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत इतकं ऐकलंय, की त्याची मला चीडच आहे. प्रत्येक घरी वातावरण असतं. मेळघाटातल्या घरात कोरकू असते, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया, नंदुरबारात भिली आणि पावरी, तांड्यावर गोरमाटी. वडार, कैकाडी, पारधी कुटुंबांच्या आपापल्या बोली आहेत. कोरकू तर मराठीच्या कुळातलीच नाही. तिची चाल वेगळी, प्रश्न विचारायची लकब वेगळी. अशा घरातलं सहा वर्षांचं मूल आश्रमशाळेत येतं, तेव्हा शब्द कळत नसतात आणि सुराचाही अंदाज येत नसतो. बाई रागावल्यात की गंमत करतायत, हेच त्याला उमगत नाही. माणसाला अंदाज आला नाही की तो गप्प बसतो. मोठी माणसंही परक्या मुलखात तेच करतात.

अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ विल्यम लॅबोव्ह यांनी 1960 च्या दशकात न्यूयॉर्कच्या हार्लेममधली एक मुलाखत नोंदवली आहे. आठ वर्षांचा मुलगा, विचारणारा माणूस त्याच वस्तीत वाढलेला, कृष्णवर्णीय. तरीही मुलगा एका-दोन शब्दांत उत्तरं देऊन थांबत होता. कागदावर निष्कर्ष निघाला असता, की याला भाषाच नाही. मग त्याच माणसाने पुढच्या वेळी बटाट्याचे वेफर्स आणले, मुलाच्या जिवलग मित्राला बोलावलं आणि स्वतः जमिनीवर बसला. त्या वेळी दोन्ही पोरं एकमेकांचं वाक्य तोडत बोलत सुटली. मुलगा तोच होता, माणूसही तोच. बदलली होती ती बैठक आणि बोलण्याची तऱ्हा.

आपल्याकडे हे फार आधी ओळखलं ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. 1945 मध्ये बोर्डीला सुरू झालेलं त्यांचं बालशिक्षणाचं काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच पाड्यावर, अंगणात न्यायची, आणि गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात भरवायची. आज सरकारी कागदांवर सर्रास दिसणारा 'अंगणवाडी' हा शब्द त्या कामातून आलाय. अंगणात आई, आजी, कोंबड्या असतात. तिथे मूल घरच्या आवाजात बोलतं आणि शिकवणाऱ्याला आपला आवाज त्या अंगणाला जुळवून घ्यावा लागतो.

नाव घेतलं नाही तरी जात आणि गरिबी आवाजातून मुलाला कळते का?

कळते. माझ्या मते या सगळ्या विषयाचं हेच मूळ आहे.

उत्तर प्रदेशातल्या गावांत कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी सहावी-सातवीच्या मुलांना चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली होती. 2004 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. कुणाची जात सांगितली नाही, तेव्हा दलित आणि सवर्ण मुलं जवळजवळ सारखीच कोडी सोडवत होती. दुसऱ्या गटात सुरुवातीलाच सगळ्यांसमोर मुलाचं नाव, गाव, वडील-आजोबांचं नाव आणि जात वाचून दाखवली. दलित मुलांची कामगिरी तेवढ्यानेच खाली आली. कुणी ओरडलं नव्हतं, शिवी दिली नव्हती. फक्त मोठ्याने वाचून दाखवलं होतं.

आता आपल्या वर्गातलं एक दृश्य आठवा. "एससी-एसटीच्या मुलांनी उभं राहा, शिष्यवृत्तीचे फॉर्म न्या." सूर अगदी कामकाजाचा. पण मान वळवून बघणारे चाळीस डोळे असतात. हेच फॉर्म मधल्या सुट्टीत एकेकाला बोलावून देता येतात. मी आधी तसे देत नव्हते, नंतर द्यायला लागले.

दुसरी गोष्ट पालकसभेची. शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी राखीव आहेत. धुणीभांडी करणाऱ्या एक ओळखीच्या ताई मुलाला घेऊन अशा एका शाळेच्या सभेला गेल्या, तेव्हा मी सोबत होते. आमच्या आधी एक इंजिनियर वडील होते. बाई त्यांना म्हणाल्या, "सर, आपण जरा घरी लक्ष दिलंत तर फार छान करेल तो." आमची पाळी आली. म्हणायला सूर बदलला नव्हता, आवाज तेवढाच खाली होता. "तुम्ही लोक घरी बघतच नाही ना काही. किती वेळा सांगायचं?" 'आपण' जाऊन 'तुम्ही लोक' आलं. ताईंनी मान डोलावली. मुलाने आईच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. त्याच्याशी कुणी काहीच बोललं नव्हतं. रस्त्यात त्याने विचारलं, "आई, तू बाईंना घाबरतेस?"

शाळेत आपल्याशी कसं बोलतात हे मूल लक्षात ठेवतं. आपल्या आईशी कसं बोलतात हे त्याहून जास्त ठेवतं. म्हणून शिक्षकांना माझी कळकळीची विनंती असते, की मुलाशी गोड बोलायला शिकण्याआधी त्याच्या आईला 'या, बसा' म्हणायला शिका.

गरीब घरांत मुलांशी कमी बोलतात आणि जास्त रागावतात, असं संशोधन आहे ना?

आहे, आणि ते अपुरं आहे हेही सांगायला हवं. हार्ट आणि रिस्ली यांनी अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये 42 कुटुंबांचं बोलणं दर महिन्याला तासभर नोंदवलं आणि 1995 मध्ये मांडलं. मोठ्या पगाराच्या घरांत मुलाला तासाला सुमारे 32 वेळा प्रोत्साहन मिळत होतं आणि 5 वेळा मनाई. सरकारी मदतीवर जगणाऱ्या घरांत प्रोत्साहन 5 वेळा आणि मनाई 11 वेळा. हे आकडे जगभर फिरले. पण त्या शेवटच्या गटात कुटुंबं होती फक्त सहा. अनोळखी माणूस कागद-टेप घेऊन घरात बसला की कोण मोकळं बोलतं, हा प्रश्नही आहेच. पुढे 2019 मध्ये स्पेरी आणि सहकाऱ्यांनी आजूबाजूच्या सगळ्यांचं बोलणं मोजलं, तेव्हा चित्र बरंच वेगळं दिसलं. गरीब घरांतही भरपूर बोलणं मुलाच्या कानावर पडत होतं. आपल्याकडच्या चुलत्या, आत्या, आज्या, शेजारणी कुणी मोजल्या तर काय होईल ते सांगायला नको.

तरी एक गोष्ट खरी मानते. दिवसभर राबून, मुकादमाची बोलणी खाऊन आलेल्या माणसाच्या आवाजात संध्याकाळी ताकद उरत नाही. 'नको', 'थांब', 'गप' एवढंच निघतं. त्या आईला बोलण्याचं प्रशिक्षण देण्याआधी तिची मजुरी आणि तिचा थकवा बघायला हवा.

सुशिक्षित घरांत हा त्रास नसतो, बरोबर ना?

वेगळा असतो. तिथे आवाज चढत नाही, पण "आम्हाला तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती" असं म्हणून दोन दिवस अबोला धरला जातो. "शर्माजींच्या मुलीला बघ" हे जेवताना सहज म्हणून टाकलं जातं. दहावीच्या वर्षी तर घराचा सूरच बदलतो. ज्या मुलाला आयुष्यात कुणी ओरडलेलं नसतं, ते शाळेत साध्या "ए, गप बस"ने रडकुंडीला येतं. त्याला नाजूक म्हणून हिणवू नये. त्याच्या कानाची सवय वेगळी आहे, इतकंच.

वडील खूप ओरडतात, पण जीवही तेवढाच लावतात. मग चालतं ना?

मिंग-ते वांग आणि सारा केनी यांनी अमेरिकेतल्या 976 कुटुंबांचा अभ्यास केला. मुलं तेरा-चौदा वर्षांची होती. ज्यांचे आईवडील ओरडून, शिव्या देऊन, 'मूर्ख', 'आळशी' असं म्हणून शिस्त लावत, त्या मुलांमध्ये पुढच्या वर्षभरात वागण्याच्या तक्रारी आणि नैराश्याची लक्षणं वाढली. घरातल्या मायेने तो परिणाम कमी झाला नाही. आपल्याकडे 'बाप फणसासारखा' म्हणून ही गोष्ट झाकली जाते. मोठ्या आवाजातली हाक आणि नावं ठेवणारं ओरडणं यांतला फरक मी वर सांगितला, तो इथे पुन्हा लावून बघा. वडील नुसते तापट असतील आणि मुलाला नावं ठेवत नसतील, तर मी फारशी काळजी करत नाही. मुलाला तू म्हणजे असाच, असं ऐकवत असतील तर करते.

शिक्षक हिणवून बोलत असतील तर कायद्यात काही आहे का?

आहे. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांत मानसिक छळ म्हणजे काय ते स्पष्ट केलंय. त्यात लागट, उपरोधिक बोलणं, नावं ठेवणं, धमकावणं, आणि मुलाची पार्श्वभूमी, जात किंवा आईवडिलांचा व्यवसाय यावरून थट्टा करणं हे सगळं येतं. कलम 29 मध्ये मुलाला भीतीमुक्त वातावरण मिळावं आणि शक्यतो मातृभाषेतून शिकवावं असंही म्हटलंय.

आधी शिक्षकांशी बोला, मग मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती. तिथे दाद लागली नाही तर स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे जिल्हा परिषद, नगरपालिका यांसारख्या संस्थेकडे, लेखी तक्रार करता येते. तिचा निकाल तीन महिन्यांत लावायचा असतो आणि पुढे राज्य बालहक्क आयोगाकडे अपील आहे. तातडीचं काही असेल, मूल घाबरून शाळेलाच जात नसेल किंवा घरातच छळ होत असेल, तर 1098 हा मुलांच्या मदतीसाठीचा मोफत क्रमांक आहे. तक्रारीत शब्द जसेच्या तसे लिहा, तारीख आणि कोण हजर होतं ते लिहा. 'वाईट बोलले' एवढ्याने काही होत नाही.

आम्ही परदेशात असतो. मुलगी म्हणते, मराठीत तुम्ही सारखं ऑर्डर देता. खरंय का?

तिला तसं ऐकू येतं, हे खरं. इंग्रजी शाळेत प्रत्येक विनंतीला 'प्लीज' लागतं. मराठीत 'कृपया' फलकावर असतं, घरात नसतं. आपलं मार्दव 'दे ना', 'जरा बघ बरं', 'ये की', 'देशील का गं' यात असतं, आणि ते सुराशिवाय ऐकूच येत नाही. आठवड्यातून एकदा फोनवर मराठी ऐकणाऱ्या मुलीला 'ना' आणि 'बरं' सापडत नाहीत, उरतं ते नुसतं 'दे' आणि 'बघ'. तिला हे छोटे शब्द दाखवून द्या. आजीशी खेळतच बोलू द्या, कारण कान खेळातच लवकर तयार होतो.

मला कळतं सगळं, पण पन्नास मुलांपुढे आवाज चढतोच. काय करू?

पहिलं म्हणजे स्वतःला दोष देत बसू नका. पत्र्याच्या छपराखाली पावसाळ्यात आवाज चढवल्याशिवाय शिकवता येत नाही. गळा जपा, पाणी प्या, लांबून ओरडण्याऐवजी चालत मुलापर्यंत जा. टाळी, घुंगरू, गाण्याची एक ओळ यांवर वर्ग शांत करायची सवय लावा, म्हणजे आवाज शिकवण्यासाठी उरतो.

दुसरं, थांबायला शिका. मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एकच सेकंद थांबत होते. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली आणि गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. मनाला टोचणारी नोंद अशी, की हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांना शिक्षक जास्त वेळ देत होते आणि कच्च्या समजल्या जाणाऱ्यांना कमी. घरची बोली मनात मराठीत फिरवून मग उत्तर देणाऱ्या मुलाला तर जास्तच वेळ लागतो.

ओरडून झालंच, तर दुपारपर्यंत त्या मुलाजवळ जाऊन "मघाशी मी जास्तच बोलले, चुकलं माझं" म्हणा. चारचौघांत बोलला असाल तर चारचौघांतच म्हणा. त्याने धाक कमी होत नाही.

माझा सूर कसा आहे, हे मला स्वतःला कसं कळणार?

मोबाइल खिशात ठेवून एक तास ध्वनिमुद्रित करा आणि घरी एकटे बसून ऐका. कुणाला दाखवायचं नाही, झाल्यावर पुसून टाका. शब्दांकडे नाही, कुणाशी काय सूर लागतो तिकडे लक्ष द्या.

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा पंधरा वर्षं शिकवून झाली होती. ओरडणं फार नव्हतं, त्याचं बरं वाटलं. मग वही घेऊन पुन्हा ऐकलं. पुढच्या बाकांवरच्या मुलांना मी "सांग बरं", "अजून कोण सांगणार?" म्हणत होते, नाव घेऊन, आवाज थोडा वर नेऊन, वाट बघत. मागे भिंतीशी वीटभट्टीवरची मुलं बसायची. त्यांच्याकडे वळले की आवाज सपाट व्हायचा. "हं, तू." "कळलं ना?" "बस." त्या पूर्ण तासात त्यातल्या सहा मुलांची नावं माझ्या तोंडून एकदाही आली नव्हती. दुसऱ्या दिवशी हजेरी मी मागच्या रांगेपासून घ्यायला सुरुवात केली.